कारभाऱ्याच्या घरची खांड

एका खाडीकाठच्या गावात हसुराम नावाचा एक कारभारी होता. कारभार कशाचा, तर मातीच्या बांधाचा. नाव हसुराम, पण त्याला हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

त्या गावाची भातशेती भरतीच्या पाण्याहून खालच्या पातळीवर होती. मध्ये तेवढा एक लांबलचक बांध. अलीकडे भात, पलीकडे खारं पाणी. बांध धड असेपर्यंत गाव सुखी. त्याला कुठे भगदाड पडलं की खारं पाणी आत शिरायचं, आणि मग पुढची दोन-तीन वर्षं त्या जमिनीत रोपसुद्धा तग धरत नसे. अशा भगदाडाला त्या गावात खांड म्हणत. हा शब्द घरात कुणी उगाच उच्चारत नसे. लहान पोरांनी खेळताना उच्चारला तर आई डोळे वटारायची.

म्हणून जुन्या लोकांनी एक पद्धत घालून दिली होती. बांध घराघरांत वाटून दिलेला. वैशाखात प्रत्येक घरानं आपापल्या हिश्श्यावर नवा चिखल चढवायचा, खेकड्यांनी केलेली बिळं शोधून बुजवायची. ज्यानं हिस्सा चुकवला त्याच्या शेतावर त्या वर्षी लावणीला गावातलं एकही माणूस जायचं नाही. शिक्षा कडक होती, पण रास्त होती. पाणी एकाच्या हिश्श्यातून आत येतं आणि सगळ्यांच्या शेतात पसरतं.

ही पद्धत पाळली जाते की नाही हे बघायचं काम हसुरामचं. आणि ते तो चोख करायचा. हातात काठी घेऊन बांधावरून चालायचा. एखाद्याचा चिखल पातळ दिसला की काठीनं टोचून बघायचा आणि तिथूनच त्या घरधन्याच्या नावानं हाक मारायचा. कुणाची सबब ऐकायचा नाही. पाहुणे आले, पाय मुरगळला, बैल आजारी पडला, काहीही सांगा. हसुरामचं उत्तर ठरलेलं असायचं.

"भरतीला जाऊन सांग. ती आयकली तं मी पन आयकतो."

एका वैशाखात त्याच्या शेजारच्या घरात बाळंतपण झालं. योगिताला मुलगी झाली. तिचा नवरा नितेश बोटीवर खलाशी, तो दूर समुद्रात. घरात एक म्हातारी सासू. बांधाचा हिस्सा राहिला. योगिता अजून बाजेवरच होती, आणि हसुराम दारात येऊन उभा राहिला.

"बालंतीन झालीस म्हून समुद्र थांबत नाय गो. तुजा हिस्सा राहिला तं पानी तुज्याच नाय, सगल्यांच्या शेतान शिरंल."

योगितानं वाद घातला नाही. तिची सासू पदर खोचून बांधावर गेली. गावातल्या दोन बाया तिच्या मदतीला गेल्या. म्हातारीनं चिखलाची घमेली डोक्यावरून वाहिली आणि हिस्सा पुरा केला. लोक म्हणाले, कारभाऱ्याला काळीज नाही. पण योगिता म्हणाली, "काकांचा बरोबर हाय. पानी कोनाची वाट बगत नाय."

खरंच, तो बरोबर होता. म्हणूनच पुढचं सांगताना माझ्या अंगाची लाहीलाही होते. ज्याला कळत नाही त्याची कीव करता येते. ज्याला सगळं कळतं, आणि जो ते फक्त दुसऱ्यांना लावतो, त्याचं काय करायचं?

हसुरामला एक नातू होता, दर्शील. एकुलता एक, सगळ्या घराचा लाडका. योगिताच्या बाळंतपणाच्या दोनेक वर्षं आधी तो तान्हा होता, तेव्हा त्याची आई हर्षाली त्याला सुरुवातीला वेळच्या वेळी लस टोचून आणायची. आरोग्य उपकेंद्र गावातच होतं, देवळामागे. पहिल्या सुया नीट झाल्या. मग एकदा सुईनंतर पोराला ताप आला. मांडी थोडी सुजली. पोर दिवसभर किरकिरलं, दूध घेईना. दुसऱ्या दिवशी ताप उतरला आणि पोर पुन्हा हातपाय झाडत खेळायला लागलं. असा ताप पुष्कळ मुलांना येतो आणि जातो. पण हसुरामनं नातवाला रडताना पाहिलं होतं. कधी नाही ते त्याचं काळीज विरघळलं, आणि तेही नको तिथे.

दर्शीलला नऊ महिने पुरे झाले. गोवराच्या लशीची वेळ झाली. हर्षालीनं त्याला अंगडं घातलं, टोपी घातली आणि ती निघाली. हसुराम ओटीवर बसला होता.

"कुठं?"

"बाबा, आज गोवराची सुई हाय."

"काय गरज नाय. गेल्या वख्ताला पोराचे हाल बगलेस ना?"

"पन बाबा, सगल्यांची पोरां घेतात."

"तेच सांगतो मी तुना. अख्ख्या गावाची पोरां टोचून झाली. मग रोग येल कुठून? आपला एक राहिला तं काय बिघरतंय?"

ऐकलंत? हे कोण बोललं? जो माणूस पुढे बाळंतिणीच्या दारात काठी घेऊन उभा राहणार होता, तोच. बांधावर कुणी त्याला म्हणालं असतं, की काका, सगळ्यांचा बांध झालाय, माझा एकट्याचा राहिला तर काय बिघडतं, तर त्यानं त्या माणसाला त्याच चिखलात उभं केलं असतं. पण स्वतःच्या ओटीवर त्याला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं नाही. हर्षालीनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा बापापुढे कधी बोलला नव्हता, त्या दिवशीही बोलला नाही. तिनं पोराची टोपी काढली आणि ती आत गेली.

पुढच्या आठवड्यात उपकेंद्राच्या नर्सबाई घरी आल्या. म्हणाल्या, "राहिलेली सुई नंतरही देता येते. पण उशीर करू नका." हसुरामनं त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि विषय भाताच्या भावाकडे नेला. नर्सबाई आणखी दोनदा आल्या. दोनदाही चहा झाला. मग त्याही यायच्या थांबल्या. कारभाऱ्याशी वाईटपणा कोण घेणार?

दुसऱ्या सुईची वेळ आली, तीही गेली. हे गावात सगळ्यांना माहीत झालं. आणि गावात मोठ्या माणसाच्या चांगल्या सवयी उचलायला लोकांना वेळ लागतो, वाईट मात्र लगेच उचलतात. कारभाऱ्याच्या घरी घेत नाहीत, मग आपल्यालाच काय पडलंय, असं म्हणत आणखी चार-दोन घरांनी सुया अर्ध्यावर सोडल्या. कुणाला शेतावर जायचं होतं, कुणाच्या पोराला सर्दी होती, कुणाला फक्त कंटाळा आला होता. देवळामागच्या त्या उपकेंद्रापर्यंत जायला कंटाळा! बाजारात जिलेबी घ्यायला तालुक्याला जाणारे हे लोक.

दर्शील तीन वर्षांचा झाला. गुटगुटीत, दांडगा. हसुराम त्याला खांद्यावर बसवून बांधावर न्यायचा आणि भेटेल त्याला सांगायचा, "बग, काय झाला? काय सुद्धा नाय झाला." जणू काही न होणं ही त्याचीच करामत होती. इतरांनी आपापली पोरं टोचून त्याच्या पोराभोवती कडं केलं होतं, त्यांचे आभार मानायचं राहिलं बाजूला. उलट तेच वेडे ठरले.

त्या वर्षी भात भरपूर आलं. योगिताची मुलगी, गार्गी, सात महिन्यांची झाली. हसरी पोरगी. कुणी टाळी वाजवली की गर्रकन मान फिरवायची आणि खळखळून हसायची. अंगणात कावळा ओरडला तरी त्याला उत्तर द्यायची. योगितानं तिच्या सगळ्या सुया वेळच्या वेळी घेतल्या होत्या. गोवराची तेवढी बाकी होती, कारण तिला अजून नऊ महिने व्हायचे होते. नवं भात घरात आलं तसं योगितानं पोरीचं उष्टावण ठरवलं. नितेशही बोटीवरून सुट्टीवर आला होता.

त्याच दिवसांत हर्षालीच्या माहेरी तिच्या भावाची हळद होती. सगळं घर तिकडे जाऊन आलं. हळदीत शेकडो माणसं, पोरांची ही झुंबड. परत आल्यावर काही दिवसांनी दर्शीलला ताप चढला. नाक वाहायला लागलं, खोकला लागला, डोळे लाल झाले. आणि दुसऱ्या दिवशी शेजारी उष्टावण.

हर्षाली म्हणाली, "बाबा, पोराला ताप हाय. डोले बगा कसे लाल झालेत. त्याला उद्या घरानच राहू द्या."

"साधी सर्दी हाय ती. कारभाऱ्याला मानानं बोलावलंय, आनि नातू घरी? लोक काय बोलतील?"

हर्षाली पुन्हा गप्प बसली. मला तिचाही राग येतो, पण तिच्यापेक्षा तिला गप्प बसायला शिकवणाऱ्यांचा जास्त येतो.

उष्टावणाला घर भरलं होतं. नव्या तांदळाची खीर केली होती. मामानं गार्गीला पहिला घास भरवला. दुसऱ्या घासाचा मान हसुरामचा. तो पाटावर बसला. एका मांडीवर त्यानं गार्गीला घेतलं, दुसऱ्या मांडीवर दर्शील होताच. हसुरामनं बोटाला खीर लावून पोरीच्या ओठांवर टेकवली. सगळे हसले. दर्शील खोकला. मग त्यानं वाकून पोरीच्या गालाचा पापा घेतला, आणि सगळे पुन्हा हसले.

दोन दिवसांनी दर्शीलच्या कानामागे पुरळ दिसला. मग कपाळावर, मग छातीवर. म्हाताऱ्या बायांनी ओळखलं. गोवर होता. हसुरामनं दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला आणि घरातल्यांना बजावलं, बाहेर बोलू नका. पोर तापानं फणफणलं, पण अंगापिंडानं मजबूत होतं. काही दिवसांनी ताप उतरला. दर्शील उठला, भात जेवला, अंगणात पळायला लागला. हसुरामनं देवाला नारळ फोडला. शेजारच्या घराकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

शेजारच्या घरात गार्गीचा ताप चढत होता.

सुया सोडलेल्या त्या चार-दोन घरांतल्या पोरांनाही गोवर आला. ती पोरं भोगून उठली. पण सात महिन्यांच्या जिवाला ते झेपलं नाही. अंगभर पुरळ उठला. छाती भरली. श्वास घेताना पोरीच्या बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या. नितेश आणि योगितानं तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे तिच्या तोंडाला ऑक्सिजनचा मुखवटा लावला. दोन्ही कान पिकून वाहायला लागले. तापाबरोबर झटके आले. नितेशची सुट्टी संपली, तो गेला नाही. योगिता खाटेशेजारी फरशीवर बसून राहिली. पोरगी मरते की जगते, एवढाच प्रश्न होता. बाकी कशाचा विचार करायला तिला सवड नव्हती.

इकडे गावात हसुराम काय म्हणत होता? देवळाच्या पायरीवर बसून म्हणत होता, "पोरीच्या नशिबान व्हता. नशिबापुढं कोनाचा काय चालतंय?"

नशीब! बांधाला खांड पडली तेव्हा हा शब्द या माणसाच्या तोंडी कधी आला नव्हता. तेव्हा तो विचारायचा, हिस्सा कुणाचा? तेव्हा त्याला नाव लागायचं, घर लागायचं, दोषी माणूस समोर लागायचा. आता मात्र देवाच्या पायरीवर बसून देवाच्याच अंगावर ढकलत होता. आणि ऐकणारे माना डोलवत होते! एकानंही विचारलं नाही, की काका, पहिला गोवर कुणाच्या घरी आला?

गार्गी वाचली. योगिता तिला घेऊन घरी आली. पोर इतकी वाळली होती, की दुपट्याखाली काही आहे की नाही हे कळत नव्हतं. गाव भेटायला लोटलं. हसुरामही आला. पाटावर टेकला, उसासा टाकला आणि तेच बोलला.

"नशीब बलवत्तर पोरीचा, म्हून वाचली."

योगितानं पोर सासूच्या मांडीवर ठेवली.

"काका, नशीब नका बोलू. माजे पोरीची सुई मी चुकवली नव्हती. तिचा वयच झाला नव्हता. नऊ महिने भरले असते तं मी तिना उचलून नेली असती. तवर तिना कोनी राखायची? तुमचा दर्शील टोचलेला असता, तं रोग तुमच्याच दारान अडला असता."

हसुराम म्हणाला, "मना काय ठाव व्हता?"

"माजी बाज उठली नव्हती, तवा तुमी माज्या दारान येऊन उभं राहिलात. तवा तुमाला सगला ठाव व्हता. आनि बरोबर व्हता, मी तोंडातून शब्द काढला नाय. मग काका, तुमच्या दारान कोनी यायचा? सांगा ना, कोनी यायचा?"

हसुरामनं आजूबाजूला पाहिलं. ज्यांनी पायरीवर माना डोलवल्या होत्या ते आता जमिनीकडे बघत होते. त्यांच्यातले काही स्वतःच्या पोरांना घेऊन हळूच सटकले. हसुराम उठला, आणि पहिल्यांदाच काठी न घेता घरी गेला. काठी योगिताच्या दारात राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दर्शीलला स्वतः कडेवर घेतलं आणि उपकेंद्रात नेलं. राहिलेल्या सुया पुढे केव्हा आणि कशा घ्यायच्या, ते विचारून आला. मग तो त्या चार-दोन घरांत गेला. ओरडला नाही, हात जोडले. म्हणाला, "माज्या नादी लागून सोडलीत. आता माज्यासाठी नाय, पोरांसाठी चला." त्या आठवड्यात उपकेंद्रापुढे रांग लागली. जी पोरं अर्ध्यावर राहिली होती ती सगळी आली. नर्सबाईंनी या वेळी कुणाचाच चहा घेतला नाही.

तुम्ही म्हणाल, चला, शहाणपण आलं. आलं खरं. पण ते दुसऱ्याच्या लेकराच्या अंगावरून चालत आलं. असं शहाणपण मिळालं म्हणून मी त्याची पाठ थोपटणार नाही.

हसुरामला मात्र वाटलं, आता झालं गेलं मिटवावं. त्यानं तालुक्याच्या सोनाराकडून चांदीचा खुळखुळा करून घेतला. बारीक नक्षीचा, आत खणखणीत खडे घातलेला. तो रुमालात गुंडाळून योगिताच्या घरी गेला.

गार्गी आता थोडी भरली होती. दाराकडे पाठ करून चटईवर बसली होती आणि डब्याचं एक झाकण उलटंपालटं करत होती. हसुरामला वाटलं, मागून वाजवावं, म्हणजे पोरगी पूर्वीसारखी गर्रकन वळेल आणि हसेल. त्यानं दारातूनच खुळखुळा हलवला. पोरगी झाकणाशी खेळत राहिली.

त्यानं पुन्हा हलवला, जोरात. अंगणात झोपलेला कुत्रा दचकून उठला. गार्गीनं मान वळवली नाही.

हसुराम दोन पावलं आत आला आणि अगदी तिच्या डोक्यामागे खुळखुळा हलवायला लागला. चुलीपाशी बसलेली योगिता त्याच्याकडे बघत होती.

"वाजवा काका," ती म्हणाली. "अजून जोरान वाजवा. डाक्टरनी पन असाच वाजवून बगितला."

तात्पर्य: लेकराची राहिलेली लस आजच घ्या, टाळाटाळ आपली असते, पण ती कुणाच्या लेकराला जन्मभर भोगावी लागेल हे आपल्या हातात नसतं.